उंदराईले तरास द्याची नोकरी

मी जिनगानीत बहुत कामं केले. लोकाईच्या बांधीत धानाचा रोवना केला, राईस मिलात तूस भरलं, हायवेच्या कामावर गिट्टी फोडली. पन लोक मले इचारतात ते एकाच नोकरीचं. ती नोकरी म्हंजे उंदराईले तरास द्याची. रोज. पगारावर.

पयले मी कोनाले सांगत नोती. सोयरे इचारत, "पारबता, कॉलेजात काय करते वं तू?" मी म्हनत होती, "सफाई." आता काय, उमर झाली, काम सुटलं, लाज बी सुटली. म्हनून सांगून टाकतो.

भंडाऱ्याजवळ हायवेले लागून एक औषधाचं कॉलेज होतं. तिथं मी झाडूपोछा करत होती. एक दिवस पुन्याहून देवयानी मॅडम आल्या. डोक्याच्या शास्त्रज्ञ. आमी समजलो, डोकं दुखते त्याच्या डाक्टर असन. मोतीरामभाऊ चौकीदार तर पयल्याच दिवशी आपलं कपाळ दाखवाले गेला. मॅडमनं समजावलं, त्या दवा देत नाई, त्या मेंदू कसा चालते ते पाहातात. मोतीरामभाऊ म्हने, "पाहा मंग, मी इथंच उभा हाय."

मॅडमनं आमा साऱ्या बायाईले उभं केलं अन् इचारलं, "इथं उंदरांना कोण घाबरत नाही?"

साऱ्याजनी मलेच पाहू लागल्या. आमच्या घरी धान साठवाची ढोली होती, अन् जिच्या घरी ढोली तिची उंदराशी वळख जुनीच. मी म्हटलं, "मी नाई भेत. पन मले उंदीर मारता येते, पोसता नाई येत."

मॅडम म्हने, "मारायचे नाहीत, एवढं जमलं तरी पुष्कळ आहे."

असी मी उंदराच्या खोलीत गेली.

ते उंदीर आपल्या घरचे नोते. पांढरे झक, डोळे लाल, माया अंगठ्यायेवढे. त्याईच्या खोलीले एसी. मे महिन्यात भंडाऱ्यात मानूस तव्यावर टाकल्यासारखा होते, अन् हे पांढरे जवाई थंड्यात बसून दाने फोडत. मी घरी खाटेवर पदरानं वारा घेत होती अन् मनात म्हनत होती, येवढं पुन्य कोन्या उंदरानं केलं असन.

आता काम काय होतं ते सांगतो, नाई तर तुमाले वाटन बुढी फेकते.

काही मानसाईले एकच काम घडीघडी कराची सवय लागते. हात धुतले तरी धुवाचे, गॅस बंद केला तरी उठून पाहाचा. आमचा मोतीरामभाऊ तसाच. संध्याकाळी फाटकाले कुलूप लावे, ओढून पाहे, सायकलवर टांग टाके, उतरे, अन् परत कुलूप ओढे. पांदीच्या रस्त्यापर्यंत गेला तरी परत येई. मी एकदा म्हटलं, "भाऊ, कुलूप तुटन पन तुमचा भरोसा नाई बसन." तो म्हने, "बाई, मले मालूम हाय लागलं हाय म्हनून. हाताले मालूम नाई."

हे मी मॅडमले सांगितलं तर मॅडम खुश. म्हने, "हेच. डोक्याला माहीत असतं, तरी थांबता येत नाही." त्याईनं समजावलं की मेंदूत एक गोल रस्ता असते. काम कराचा इचार त्या रस्त्यानं फिरते, अन् काम झालं की मेंदूच म्हनते, झालं, थांब आता. कोनाकोनाचं ते 'थांब' कमजोर पडते. मले लगेच समजलं. खळ्यावर धान चुराले बैल फिरवतो आपन. धान झडून जाते, पन बैलाले 'हो, थांब' म्हननारा झोपला त बैल फिरतच राहाते. मॅडम म्हने, "अगदी तसं नाही, पण चालेल." मॅडम असंच म्हनत. साफ हो त्याईच्या तोंडून मी कदी आयकला नाई.

आता मानसाचा मेंदू खोलून पाहाता येत नाई, म्हनून उंदीर. अन् उंदराले कुलूप लावता येत नाई, म्हनून कंचे. खरंच सांगतो. पिंजऱ्यात राईस मिलातलं तूस जाड टाकाचं, त्याच्यावर लेकराईचे खेळाचे काचेचे कंचे मांडाचे, अन् एक उंदीर सोडाचा. जरा वेळानं पाहाचं, त्यानं कंचे तुसात गाडले का. उंदीर कंचे गाडतेच. कायले गाडते ते त्याले बी मालूम नाई. पन ज्याच्या जिवाले टेंशन हाय तो जास्ती गाडते. मंग त्याले दवाई दिली त कमी गाडते का, अन् मेंदूत कुठं काय बदललं, हे मॅडमचं संशोधन. तो मेंदूचा भाग मॅडम दार बंद करून करत. त्या दिवशी मी बाहेर अंगनात बसून तूस पाखडत राहाये. पाखडाची गरज नोती. पन आत पिंजरे रिकामे झाले हे मालूम असे, अन् हाताले काही पाहिजे ना.

तर टेंशन. उंदराले टेंशन यावं कसं? त्याले ना सासू, ना दिवानी कोर्ट. एसीत बसून दाने खाते. म्हनून त्याले टेंशन देनारं मानूस लागते. ती मी.

मॅडम सकाळी येऊन मले हळूच सांगत, आज कोनता तरास. कदी पिंजरा तिरपा करून ठेवाचा. कदी तुसावर पानी शिपडाचं, ओल्यात झोपू द्याचं. कदी एक जेवन बुडवाचं. कदी दुसऱ्या उंदराचं वापरलेलं तूस याच्या घरात टाकाचं, म्हंजे याले वाटते कोनी पाहुना येऊन बसला. जिवाले इजा नाई कराची, त्याचा कायदा हाय. अन् रोज तरास बदलाचा, रोजची येळ बदलाची. त्याईले अंदाज नाई आला पाहिजे, मॅडमचा साऱ्यात जोर यावर.

मी पयल्यांदा हे आयकलं अन् इचारलं, "मॅडम, याले नाव काय हाय?"

"दीर्घकाळचा सौम्य ताण."

"सौम्य म्हंजे?"

"हलका. फार नाही."

मी म्हटलं, "मॅडम, वली गोदडी, तीन पायाची खाट, जेवन आज हाय त उद्या नाई, अन् घरात पाहुने. हे त माया लग्नाचं पयलं साल हाय. मले कोनी हलका नाई म्हटलं."

मॅडमनं खुर्ची पुढं सरकवली. मंग म्हने, "बाई, बसा. चहा घ्या."

चहावर इचारू लागल्या तवा सांगितलं. लग्न झालं तवा घरावरचे कवेलू फुटलेले, पानी नेमकं माया जागेवर गळे. सासू करडी. पोतीत धान किती हाय ते तिलेच मालूम. तिचं एक होतं, रांधनीत याच्या आगोदर बाहेरून खाकरे. ते खाकरनं आयकलं की माया हातातली पयली भाकर करपे. मंग ती आत येऊन भाकरीवरून बोले. नवरा मिलात हमाल होता. पोरगा पाळन्यात होता तवा नवरा तापानं गेला. सकाळी कामावर गेला, संध्याकाळी लोकाईनं आनला. सांगून नाई गेला. मंग मी अन् सासूच राहिलो, एकमेकीले पाहाले.

मॅडमचा चहा थंडा झाला होता. मी म्हटलं, "जाऊ द्या, आज तिरपा कराचा हाय का वला?"

असे दिवस चालले. मी मन लावून तरास देऊन राहिली होती. माया हातचा पिंजरा असा तिरपा होये की गनिताच्या मास्तरनं पाहावा. गावात बी बातमी गेली. लहानूबुढा बांधीतले दोन मोठाले घुशे पोत्यात बांधून घेऊन आला. म्हने, "पारबता, तुमच्या मॅडमले दे. यायले टेंशन देनं नाई लागत, हे आमालेच देतात." मॅडम टेबलावर चढून बसल्या. उंदरावर पीएचडी केलेली बाई घुशीले भेली, हे मी गावात नाई सांगितलं. लहानूबुढ्यानं सांगितलं.

अन् मंग खरी अडचन आली.

आमच्या उंदराईचे दोन भाग होते. एक बिनतरासाचे, ते आरामात. दुसरे माये, तरासवाले. कायद्यानं तरासवाल्याईनं कंचे धडाधड गाडाले पाहिजे होते. पन मॅडम पिंजरा पाहात त कंचे साऱ्याईचे वरच, अन् उंदीर कंच्याले टेकून घोरत. वली जागा झाली त कोरड्या कोन्यात जाऊन झोपले. पिंजरा तिरपा केला त खालच्या बाजूले मोळी करून झोपले. बिनतरासवाल्यापेक्षा हे जास्त गुबगुबीत.

मॅडमनं तूस बदललं. दाना बदलला. कंचे बदलले, हिरव्याचे निळे केले. काही नाई. अन् दिवाळीनंतर दिल्लीचे साहेब लोक येनार होते. दोन्ही भागात फरक दिसला त संशोधन पुढं चालन, नाई त खोलीले कुलूप, मॅडम पुन्याले परत, अन् मी परत बांधीत चिखलात. मॅडमचं त जेवन सुटलं. पेनाचं टोपन काढत, लावत, काढत, लावत. टिक, टिक. मोतीरामभाऊ मले म्हने, "बाई, हे त माया कुलपाच्या पुढं गेल्या."

शेवटी एक दिवस मॅडम खुर्ची घेऊन कोन्यात बसल्या. म्हने, "मी नाहीच असं समजा. रोजचं काम करा."

मी लोटा घेतला, पिंजऱ्यापाशी गेली, पानी शिपडलं. दुसऱ्यापाशी गेली.

"थांबा. बाई, हा आवाज कसला?"

"कोनता?"

"आत्ता काढलात तो. च्च च्च, सरक रे बाबू."

"मी? मी काही नाई म्हटलं."

मॅडमनं दारातून मोतीरामभाऊले हाक मारली. "भाऊ, या बाई उंदरांशी काही बोलतात का?"

तो म्हने, "बोलतात म्हंजे? अख्ख्या कॉलेजाले आयकू येते. च्च च्च झालं की आमी समजतो, झालं, उंदराईचं काही खरं नाई आज."

मले खरंच मालूम नोतं. पन मंग आठवलं. आमच्याकडे जनावराच्या मागून जाताना कोनी मुक्यानं जात नाई. बैल असो, म्हैस असो, आगोदर च्च च्च कराचं, सरक बाबू म्हनाचं, मंगच हात लावाचा. नाई त लाथ बसते. लहानपनी मायनं शिकवलं, ते जिभेनं धरून ठेवलं. आमच्या इकडचं कोनीबी मानूस असंच करते. पिंजऱ्यापाशी गेली की जीभ आपोआप वाजे.

मॅडम खाली दान्याच्या पोत्यावर बसल्या. त्याईले हसू येऊन राहिलं होतं का रडू, ते समजत नोतं. म्हने, "बाई, तुम्ही त्यांना रोज आधी कळवत होता. आवाज आला की त्रास येणार, आवाज नाही म्हणजे निवांत झोपा. अंदाज यायला नको म्हणून मी सगळं बदलत होते, आणि तुम्ही दवंडी पिटत होता."

"मंग आता?"

"आता नवे उंदीर घेऊ. आणि या वेळेस आवाज नाही."

बोलनं सोपं. माया जिभेचं 'थांब' कुठं होतं? ठरवून ओठ मिटून गेली, पिंजऱ्यापाशी पोचली की च्च च्च. तोंडात सुपारी धरली त सुपारीसकट च्च च्च. पदर बांधला त पदराच्या आतून. मोतीरामभाऊ खिडकीतून पाहून म्हने, "बाई, आता बोला. कुलूप तुटन म्हनत होत्या ना?"

मॅडम माया भोवती फिरून पाहात. म्हने, "इतके दिवस मी पिंजऱ्यात शोधत होते." मले ते बोलनं जरा खटकलं, पन खरं होतं.

मंग मीच पान्याची युक्ती काढली. तोंडात घुटकाभर पानी धराचं, गाल फुगवून. तोंडात पानी असलं की जीभ वाजत नाई. पयल्या दिवशी दोन पिंजऱ्यातच ठसका लागला, मंग जमलं. खोलीत जाताना पानी तोंडात, बाहेर आली की थुंकाचं. मोतीरामभाऊनं मले हसवाचा धंदाच उघडला. मी गाल फुगवून निंगाली की तो मुद्दाम इचारे, "बाई, आज भाजी कोनती?" "बाई, पानी येईन का?" मी डोळे वटारून पुढं. गावात कोनी उडवलं, पारबतानं मौन धरलं. दोन बाया पाया पडाले आल्या.

पन नव्या उंदराईनं काम केलं. कंचे असे गाडत जसा माल लपवून राहिले. मॅडमनं जुने उंदीर बी ठेवले, त्याईले मी पयल्यासारखं बोलून तरास द्याचा, नव्याईले गाल फुगवून. मॅडमचं टोपन थांबलं नाई, पन जेवू लागल्या.

दिल्लीचे लोक आले. एक जाड भिंगाचे साहेब, एक बाई, अन् एक जन फोनवरच बोलत होता, तो गेला तवा बी बोलतच होता. मी नव्या उंदराईच्या पिंजऱ्यापाशी, तोंडात पानी.

साहेब हिंदीतून म्हने, "अम्मा, आप इनके साथ क्या करती हो?"

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हने, "सर, त्या बोलू शकत नाहीत."

साहेबाले मराठी समजत होतं. हळू आवाजात म्हने, "जन्मापासून?"

"सकाळपासून."

साहेबाले ते काही समजलं नाई. ते मागून आले, काही न बोलता, अन् पिंजरा पाहाले माया खांद्यावरून वाकले. मले काय मालूम मागं कोनी हाय. त्याईचा श्वास मानेले लागला अन् मी दचकून वळली. तोंडातलं सारं पानी साहेबाच्या चष्म्यावर.

साहेबानं रुमाल काढला, चष्मा पुसला. घातला. काढला, परत पुसला. कोरडा झाला होता, तरी पुसून राहिले. मॅडमनं मायाकडे पाहिलं, मी मॅडमकडे. दोघीईले एकच दिसलं, पन कोनी कोनाले सांगितलं नाई.

मंग मॅडमनं काही लपवलं नाई. माया आवाजाची सारी गोष्ट पयल्यापासून सांगितली, दोन्ही पिंजरे बाजूबाजूले ठेवून दाखवले. इकडं सांगून तरास दिलेले, कंच्याले टेकून झोपलेले. तिकडं न सांगता दिलेले, सारे कंचे तुसाआड. तरास तोच, पानी तेच, हात तोच. मॅडम म्हने, "हे चुकीतून सापडलं. पण सापडलं. पुढचं काम यावरच करू द्या."

भरोसा बसत नोता साहेबाचा. त्या दिल्लीच्या बाईनं मले म्हटलं, "तो आवाज काढून दाखवा ना."

मी लय कोशिश केली. जीभ टाळूले लावली, ओठ काढले. आवाज येईच ना. सांगून कराले गेली की जीभ बैलासारखी बसली. मॅडमचा चेहरा पांढरा पडला. साहेबानं परत चष्मा काढला.

मले वाटलं, साहेबाचा सदरा त पुसून देऊ निदान, वला झाला आपल्यामुळं. खुंटीवरचा टॉवेल घेतला अन् साहेबाच्या मागून गेली.

"च्च च्च, सरका साहेब."

अन् साहेब सरकले. चांगले दोन पावलं, भिंतीकडे. माया बापाची म्हैस बी इतकी शहान्यासारखी सरकत नोती.

दिल्लीची बाई टेबल धरून हसली. साहेबाले आगोदर समजलंच नाई आपन कायले सरकलो. मंग समजलं, मंग ते बी हसले. म्हने, "ठीक है, मैडम. चालू ठेवा."

काम चालू राहिलं. मी बी राहिली. त्याच्यानंतर काही साल गेले, मॅडमचं काम पुरं झालं, त्या पुन्याले गेल्या. जाताना मले काही द्याचं म्हनून कंच्याची पिशवी देऊन गेल्या. आता नातीन खेळते. ती गाडत नाई, गिळाले पाहाते.

जाच्या दिवशी मॅडमनं इचारलं होतं, "बाई, तुमचं ते पहिलं साल. तुम्ही टिकलात कशा हो? मला खरंच कळत नाही."

मी म्हटलं, "टिकली नाई, राहिली. जाऊ कुठं?"

पन घरी येताना फाटकापाशी मोतीरामभाऊ कुलूप ओढून राहिला होता, त्याच्यापाशी उभी राहिली अन् एकदम सासू आठवली. ती करडी होती. बोलनं टोचरं होतं. पन एक दिवसबी ती खाकरल्याशिवाय रांधनीत आली नाई. मी समजत होती मले भेववाले खाकरते. बाकी सारं न सांगता आलं, कवेलूचं पानी, नवऱ्याचं मरन. ती बुढी तेवढी सांगून आली. भाकर करपे ती पयलीच, दुसरी करपत नोती. तवर मी पदर सावरून, पाठ ताठ करून बसलेली राहाये. ती मेली त्याले जमाना झाला. त्या दिवशी मले तिच्यासाठी रडू आलं. मोतीरामभाऊ म्हने, "काय झालं बाई?" मी म्हटलं, "काही नाई, तुमी कुलूप पाहा."

आता पोरगा जवाहरनगरले कामावर जाते, घरी मी अन् सून. वंदना पोरगी चांगली हाय, शिकलेली. पन मले बी बोलाची सवय हाय, भाजीत मीठ झालं का, नातनीले सोटर घातला का, चालूच राहाते. म्हनून आता मी तिच्या रांधनीत याच्या आगोदर दारात उभी राहातो अन् चांगली मोठ्यानं खाकरतो. तिले तयारीले टाइम भेटते.

तिनं डाक्टरापासून खोकल्याची दवा आनली. रोज सकाळी झाकनात वतून देते. म्हने, "आई, किती दिवसाचा खोकला हाय हा, घ्या मुकाट्यानं."

मी घेतो. गोड राहाते.